हाताची मूठ आणि पाच वर्षांचा हिशोब

हे पत्र सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात देते.

पत्र लिहिणाऱ्या बाईंचं वय ४६. पंचवीस वर्षं त्या घरी ब्लाऊज शिवतात. गणपतीत त्यांना चिकनगुनिया झाला. ताप पाच दिवसांत उतरला, पण साडेचार महिने झाले तरी मनगटं, बोटं आणि पायाचे घोटे दुखतातच. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. रात्री अंगठ्याकडच्या तीन बोटांना मुंग्या येतात आणि हात झटकत उठावं लागतं. रक्तदाबाची गोळी आधीपासून चालू आहे, त्यात आता दुखण्याच्या दोन गोळ्या रोज. आतापर्यंत ३८ हजार रुपये खर्च झाले. दिरांनी कुठून तरी पुड्या आणून दिल्या. त्या पंधरा दिवस घेतल्या तेव्हा जादू झाल्यासारखं वाटलं, आणि संपल्यावर दुखणं दुप्पट होऊन परत आलं. शेजारच्या काकू म्हणतात, ‘मला सहा वर्षं झाली, अजून गेलं नाही.’ विमा एजंट म्हणतो, आताच मोठी पॉलिसी घ्या. नणंद म्हणते, भाव येतोय तोवर दोन्ही मशिनी विकून टाका. मुलगी बारावीला आहे, तिला नर्सिंगला जायचंय. तिच्यासाठी दोन लाख वीस हजारांची ठेव आहे.

शेवटी त्या विचारतात : ‘मी फक्त घरी शिवणकाम करते, नवऱ्याच्या पगारावर घर चालतं. पुढच्या पाच वर्षांत माझ्या दुखण्यावर किती पैसे जातील आणि माझे हात पहिल्यासारखे होतील का, हे कोणती तपासणी केली म्हणजे कळेल? ठेव आताच मोडून ठेवावी का?’

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यानं तुमची झोप उडाली आहे. ठेव मोडू नका. या दुखण्यापायी या वर्षी तरी मोडू नका. असं का म्हणते, ते पुढे आकड्यांतच मांडते.

आता पहिला प्रश्न. पुढच्या पाच वर्षांत तुमच्या सांध्यांचं काय होईल हे सांगणारी तपासणी नाही. तुमच्या तालुक्यात नाही, पुण्या-मुंबईतही नाही. हे वाचून निराश व्हाल, पण थोडं थांबा. पाच वर्षांचं सांगता येत नसलं तरी पुढच्या तीन महिन्यांचं बरंच सांगता येतं. आणि तुमच्यासमोरचे बहुतेक निर्णय, मशिनी, पॉलिसी, मुलीचा प्रवेश, तेवढ्यावर घेता येतात.

काकूंची सहा वर्षं तुमच्या मनात घर करून बसली आहेत. त्यांचं दुखणं खरं असेल, मी खोटं म्हणत नाही. पण चिकनगुनियानंतर किती जण दुखत राहतात याचे जे आकडे जगात आहेत, ते एकमेकांपासून केवढे लांब आहेत पाहा. हिंदी महासागरात रियुनियन नावाचं फ्रेंच बेट आहे. २००५-०६ मध्ये तिथली जवळजवळ एक तृतीयांश वस्ती या तापानं पडली. तिथल्या रुग्णालयात निदान झालेल्या काही रुग्णांची तीन वर्षांनी चौकशी केली, तेव्हा शंभरातले साठ जण अजून सांधे दुखतात म्हणाले. कोलंबियात २०१४-१५ च्या साथीतल्या सुमारे ५०० रुग्णांना वीस महिन्यांनी विचारलं, तर चारातला एक अजून दुखत होता. आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यात, २००६ च्या साथीत, पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांनी एका गावात घरोघर जाऊन रुग्ण शोधले आणि दोन वर्षं त्यांच्याकडे जात राहिले. तिथे दोन वर्षांनी दुखणं उरलेले लोक फार थोडे होते.

साठ, पंचवीस आणि मूठभर. रोग एकच, मग एवढा फरक कसा? काही अंशी मोजायला कुठून सुरुवात केली यावर. जो रुग्णालयापर्यंत पोचला, त्याचं दुखणं मुळातच मोठं असतं. घरोघर गेलं की चार दिवस लंगडून कामाला लागलेला शेतमजूरही यादीत येतो. विचारलं काय, यावरही आकडा फिरतो. ‘कधीतरी दुखतं का’ असं विचारलं तर आपल्या वयाची कोणती बाई नाही म्हणेल? म्हणून पुढच्या वेळी कुणी शेकडा अमुक इतके लोक कायमचे अधू होतात असं सांगितलं, तर तो आकडा दवाखान्यातल्या रांगेतून आलाय की गावातून, एवढं तरी विचारा. काकूंचा अनुभव म्हणजे एका माणसाची रांग. शिवाय तीन आठवड्यांत बरा झालेला शेजारी तुमच्या दारात येऊन ‘मला काही राहिलं नाही हो’ असं सांगत नाही. त्याची आठवण कुणालाच नसते.

आम्हा डॉक्टरांचंही सांगते. चिकनगुनिया आपल्याकडे नवा नाही. १९७३ मध्ये बार्शीला त्याची साथ येऊन गेली. पण त्यानंतर तीसेक वर्षं तो देशातून नाहीसाच झाल्यासारखा होता. माझ्या पिढीनं वैद्यकीय शिक्षण घेतलं तेव्हा त्याच्याविषयी पुस्तकात चार ओळी होत्या आणि वॉर्डात एकही रुग्ण नव्हता. २००५ च्या अखेरीस तो परत आला आणि २००६ मध्ये देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. त्या वर्षी मीसुद्धा अनेक बायकांना ‘पंधरा दिवसांत जाईल’ असं सांगून घरी पाठवलं. त्यातल्या काही जणी दिवाळीनंतर काठी टेकत परत आल्या. तेव्हापासून मी तारीख देत नाही.

मग तुमच्याबद्दल काय सांगता येतं? वय चाळिशीच्या पुढे, बाईमाणूस, पहिल्या आठवड्यातच खूप दुखलेलं आणि हाताचं काम. यातल्या पहिल्या तीन गोष्टींमुळे दुखणं लांबण्याची शक्यता वाढते असं बऱ्याच ठिकाणी आढळलंय. चौथी माझ्या पाहण्यातली. शिवणकाम करणाऱ्या, कांदा निवडणाऱ्या, भाकऱ्या थापणाऱ्या बायकांना मनगटाला विश्रांती अशी मिळतच नाही. तीन महिन्यांच्या पुढे दुखणं गेलं की आम्ही त्याला ‘क्रॉनिक’ म्हणतो. कुणीतरी तुमच्या कागदावर तो शब्द लिहिलाय आणि तुम्ही त्याचा अर्थ ‘कायमचं’ असा घेतलाय. त्याचा अर्थ फक्त ‘लांबलेलं’ एवढाच. लांबलेलं दुखणंही बहुतेकांचं पुढच्या सहा-बारा महिन्यांत उतरत जातं. ते सरळ उतरत नाही. मधे चार दिवस बरे जातात, मग थंडीत किंवा कामाच्या रगाड्यात पुन्हा ठणका लागतो. असा ठणका लागला की पहिल्यापासून सगळं सुरू झालं असं वाटतं. तसं नसतं. हा ताप एकदा झालेल्यांना सहसा पुन्हा होत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता ३८ हजारांकडे येऊ. तुम्ही खर्चाची यादी जोडलीत हे फार चांगलं केलंत. चिकनगुनियाची रक्ततपासणी तीन वेळा, साडेचार हजार. ‘फुल बॉडी’ पॅकेज दोनदा, नऊ हजार. मानेचा एमआरआय, साडेसहा हजार. सलाईन आणि इंजेक्शनं, आठ हजार. औषधं सात हजार, येणं-जाणं तीन हजार.

यातली चिकनगुनियाची तपासणी पहिल्यांदा केली ते ठीक. दुसरी आणि तिसरी ‘विषाणू अंगातून गेला का’ हे पाहायला केलीत असं लिहिलंय. ती तपासणी ते दाखवतच नाही. तापाविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं ती मोजते आणि ती महिनोन् महिने रक्तात राहू शकतात. ‘पॉझिटिव्ह’ आलं म्हणून तुम्ही दोन रात्री रडलात, ते विषाणूसाठी नव्हतंच. पॅकेजमध्ये साठ-सत्तर आकडे येतात, त्यातला एखादा तांबड्या अक्षरात असतोच, आणि मग त्याच्यामागे नवी तपासणी. सलाईननं सांध्याला काही होत नाही. एमआरआयचं पुढे सांगते. ही यादी वाचताना मला वाटलं ते असं, की यातले वीस-पंचवीस हजार तुम्ही आजारावर खर्चलेच नाहीत. ते उद्याची खात्री विकत घ्यायला खर्चले. ती दुकानात नव्हती म्हणून दरवेळी रिकाम्या हातानं परत आलात आणि पुन्हा गेलात. यात तुमचा दोष नाही. घाबरलेल्या माणसाला ‘अजून एक तपासणी करून बघू’ म्हणणारा कुणी ना कुणी भेटतोच.

खरा प्रश्न आता एकच उरलाय, आणि त्याचं उत्तर एखादा डॉक्टर तुमचा हात हातात घेऊन देऊ शकतो. सांधे नुसते दुखतात, की सुजलेतही? बोटांच्या पेरांवर, मनगटावर दाबलं की फुगीर, मऊ लागतं का? तुम्ही सकाळी तासभर मूठ वळत नाही म्हणता, म्हणून मला सुजेची शंका येते. म्हणून एकदा, एकदाच, संधिवाततज्ज्ञाकडे जा. हाडाचे डॉक्टर वेगळे आणि संधिवाताचे वेगळे. साताऱ्यात, कराडला किंवा पुण्यात, जिथे जाणं परवडेल तिथे. सगळे जुने कागद न्या, म्हणजे केलेलं पुन्हा करावं लागणार नाही. ते सूज मोजणाऱ्या ईएसआर, सीआरपी आणि संधिवाताच्या आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी अशा मोजक्या तपासण्या सांगतील, कदाचित हाताचा एक्स-रे. तुमच्या पॅकेजमध्ये आरए फॅक्टर ‘किंचित जास्त’ आलाय आणि त्यावरून कुणीतरी आमवात ठरवून टाकलाय. एखाद्या संसर्गानंतर, कधी निरोगी माणसातही, तो किंचित वाढलेला सापडतो. त्या एका आकड्यावर आमवात ठरत नाही. आणि या वयात थायरॉइडमुळे, पाळी जाण्याच्या सुमारासही सांधे दुखतात. सगळं त्या डासाच्या माथी मारू नका.

मुंग्यांचं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, रात्री जास्त आणि हात झटकला की बरं. हे वर्णन मनगटात दाबल्या जाणाऱ्या नसेचं आहे. मनगटातला बोगदा सुजेनं अरुंद होतो आणि नस चिमटते. चिकनगुनियानंतर हे पुष्कळदा दिसतं. मान स्कॅन करण्याआधी कुणीतरी मनगट बघायला हवं होतं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा मेडिकलच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. तो बांधून झोपा आणि तज्ज्ञांना हे आवर्जून सांगा. अंगठ्याच्या मुळाशी हात बारीक दिसायला लागला किंवा सुई बोटातून निसटायला लागली तर तीन महिने थांबू नका.

पुड्यांबद्दल मला खरंच कळकळीनं सांगायचंय. पंधरा दिवसांत जादू आणि मग दुप्पट दुखणं, हे मी शेकड्यांनी पाहिलंय. नाव-गाव नसलेल्या अशा पुड्यांत बहुधा स्टेरॉइड असतं. दिरांनी मायेपोटी आणली, त्यांच्याशी भांडू नका, पण पुन्हा घेऊ नका. आणि घेतल्या होत्या हे डॉक्टरांपासून लपवू नका, नाहीतर ते सुजेचा अंदाज चुकीचा बांधतील. जे वाचक महिनोन् महिने अशा पुड्या घेत आहेत त्यांनी मात्र एकदम बंद करू नयेत. डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी कराव्यात, कारण अचानक बंद केल्यानं जिवावर बेतू शकतं.

स्टेरॉइड वाईटच असं नाही. योग्य मात्रेत, ठरावीक आठवडे, तज्ज्ञाच्या नजरेखाली दिलं तर उपयोगी पडतं. ज्या दोन दुखण्याच्या गोळ्या तुम्ही साडेचार महिने रोज घेताय, त्यांची मला जास्त काळजी वाटते. रक्तदाबाच्या गोळीबरोबर त्या रोज घेतल्या की मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाब चढतो, पोटात व्रण होऊ शकतो. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट चालतंय का हे सांगणारी रक्ततपासणी, केलीय का पाहा, नसेल तर ही तपासणी आधी. शौचाला काळी झाली, पायावर सूज आली तर त्याच दिवशी दवाखाना. आणि मलेरियाच्या जुन्या गोळ्या, क्लोरोक्वीन, कुणी ‘याच्यावर रामबाण’ म्हणून दिल्या तर विचारा. २००६ च्या साथीनंतर पुण्यातल्याच तज्ज्ञांनी त्यांची तुलना साध्या वेदनाशामकाशी केली होती, त्यात त्या काही सरस ठरल्या नाहीत.

आता पैसे. दोन वाटा धरून चालू.

सूज नाही असं निघालं, तर पुढचा खर्च फार थोडा. व्यायाम, शेक, लागेल तेव्हा गोळी. फिजिओथेरपी एकदा नीट शिकून घ्यायची आणि घरी करायची. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून उपजिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचारांचं शुल्क घेत नाहीत. तुमच्या जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट बसतात का ते विचारा.

सूज आहे असं निघालं, तर बहुधा मेथोट्रेक्सेट नावाची गोळी सुचवली जाईल. तिच्याबद्दल लोक घाबरवतील, कारण मोठ्या मात्रेत ती कर्करोगावर देतात. संधिवातात मात्रा बरीच लहान असते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. एकदाच. रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत, म्हणून वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा आणि डबा वेगळा ठेवा. गरोदरपणात ती चालत नाही, दारूबरोबर यकृताला घातक ठरते, आणि मधूनमधून रक्त, यकृत, मूत्रपिंड तपासावं लागतं. गोळी मात्र स्वस्त आहे. औषध, तपासण्या आणि तज्ज्ञाकडे जाणं-येणं मिळून महिन्याला सरासरी हजार-दीड हजार धरा. वर्षाला अठरा हजार. दोन वर्षं लागली तरी छत्तीस हजार, म्हणजे साडेचार महिन्यांत तुम्ही खर्चलेत त्याहून थोडे कमीच. यातली वाईट वाट धरूनही दोन लाखांच्या ठेवीला हात लागत नाही. म्हणून म्हटलं, मोडू नका.

पण ताई, या हिशोबात एक फार मोठी रक्कम तुम्ही लिहिलीच नाही. पत्रात औषधांची यादी पैशापैशाची आहे आणि ब्लाऊजबद्दल एक वाक्य. पूर्वी महिन्याला साठेक शिवायचे, ताप आला तो महिना मशीनवर बसलेच नाही, आता वीसेक होतात. दोरा, अस्तर, वीज वजा जाता एका ब्लाऊजमागे दोनशे सुटतात असंही त्यातच म्हटलंय. मी मांडून पाहिलं. पहिल्या महिन्याचे बारा हजार गेले. पुढचे साडेतीन महिने दरमहा आठ हजार कमी, ते अठ्ठावीस. चाळीस हजार झाले, ताई. औषधपाण्याहून जास्त. आणि ते बुडाले हे कुणी बोललं नाही, कारण ‘मी फक्त घरी शिवणकाम करते’.

हे तुमच्या एकटीच्या बाबतीत झालेलं नाही. २००६ च्या साथीचा देशावर किती भार पडला हे संशोधकांनी मोजलं, तेव्हा त्या भाराचा सुमारे ६९ टक्के भाग तापाचा नव्हता, मागे राहिलेल्या सांधेदुखीचा होता. बुडालेलं उत्पन्न किमान ३९ कोटी रुपयांच्या घरात निघालं. माझी खात्री आहे की त्या आकड्यात धुणीभांडी, पापड-कुरडया आणि घरच्या मशिनीवरची शिवण नीट धरलेली नसणार. ज्या कामाला घरातच ‘फक्त’ म्हणतात, ते सरकारी कागदावर कोण लिहिणार?

तेव्हा पुढच्या वर्षाचा प्रश्न ‘औषधाला किती लागतील’ हा ठेवू नका. ‘साठ ब्लाऊजपर्यंत परत कसं जायचं, आणि तोवर मधली तूट कशी भरायची’ हा ठेवा. त्यासाठी करण्यासारखं खूप आहे.

मशिनी विकायच्या नाहीत. पायमशीन असेल तर तिला मोटर बसवा, घोट्यांना लगेच आराम मिळेल. कात्री हा अंगठ्याच्या सांध्याचा सगळ्यात मोठा शत्रू. मापं घेणं आणि खडूनं आखणं तुमच्याकडे ठेवा, कारण गिऱ्हाईक तुमच्या फिटिंगसाठी येतं. कापणं, हातशिलाई, हुक-काज दुसरीला द्या. गल्लीत शिकायला तयार एखादी मुलगी असतेच. तिला नगामागे ठरावीक रक्कम द्या. तुमच्या दोनशेतले साठ-सत्तर तिला गेले तरी वीसाच्या जागी चाळीस ब्लाऊज निघाले तर दरमहा बाराशे-सोळाशे जास्तच हातात पडतात, आणि प्रत्येक ब्लाऊजमागे तुमच्या हाताला लागणारं काम बरंच कमी होतं. सकाळच्या आखडलेल्या तासात मशीनवर बसूच नका. कोमट पाण्यात हात बुडवा, बोटं हळूहळू उघडा-मिटा, आणि दहानंतर काम सुरू करा. वीस मिनिटं शिवलं की दोन मिनिटं हात मोकळे सोडायचे. काम पूर्ण बंद करू नका, न हललेला सांधा आणखी आखडतो. लग्नसराईची घाईची ऑर्डर यंदा नाकारावी लागली तर गिऱ्हाइकाला खरं कारण सांगा. खऱ्या कारणानं गिऱ्हाईक तुटत नाही, खोट्या तारखांनी तुटतं.

घरच्यांशीही बोलायला हवं. भाकरी थापणं, कपडे पिळणं, हंडा उचलणं ही कामं सहा महिन्यांसाठी दुसऱ्या कुणाकडे गेली पाहिजेत. नवऱ्याला हा चाळीस हजारांचा आकडा कागदावर लिहून दाखवा. ‘दुखतंय’ म्हटलेलं घरात दोन-तीनदा ऐकलं जातं, मग कान सरावतात. आकडा पाहिल्यावर पुरुषमाणूस पोळपाट हातात घेतो असाही माझा अनुभव आहे. आणि सासूबाईंनी चिकन-अंडी बंद केलीत, ती सुरू करा. या रोगाच्या नावातल्या ‘चिकन’चा कोंबडीशी संबंध नाही. १९५२ मध्ये आजच्या टांझानियात तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि तिथल्या माकोंडे लोकांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ दुखण्यानं वाकवून टाकणारा असा आहे. स्नायू टिकायला प्रथिनं हवीतच.

एजंटबद्दल थोडंच. आज पॉलिसी घेतली तरी आधीपासून असलेल्या दुखण्याला तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते आणि बहुतेक साध्या पॉलिसी दवाखान्यात दाखल झालं तरच पैसे देतात. तुमचा खर्च आहे तो बाह्यरुग्णाचा. म्हणजे या दुखण्यासाठी पॉलिसीचा उपयोग नाही. घरच्या सगळ्यांसाठी एरवी घ्यायची असेल तर शांतपणे, अर्जात चिकनगुनिया आणि रक्तदाब दोन्ही लिहून घ्या. रेशनकार्डवर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे, दाखल होऊन करायचे, यादीतले उपचार मिळतात. मोठ्या संकटाची भीती असेल तर त्याचं कार्ड आधी काढून ठेवा.

डेंग्यूनंतर महिनोन् महिने थकवा असलेले, कोविडनंतर दम लागणारे वाचकही मला हाच पाच वर्षांचा प्रश्न विचारतात. त्यांनाही सांगेन, तीन-तीन महिन्यांची मुदत घ्या. प्रत्येक मुदतीच्या शेवटी तीनच गोष्टी बघा : काम किती झालं, कोणती नवी तक्रार आली, आणि केलेल्या खर्चातून उपचार बदलला का. ज्या तपासणीच्या उत्तरानं उपचार बदलणार नाही, ती करण्याआधी डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

तुमच्यासाठी ही मुदत आजपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत धरू. एक साधी वही करा. रोज तीन नोंदी : सकाळी मूठ वळायला किती मिनिटं लागली, रात्री मुंग्यांनी किती वेळा जाग आली, आणि दिवसात किती ब्लाऊज झाले. तज्ज्ञाकडे जाताना ही वही न्या. तुमच्याकडच्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा तिचा त्यांना जास्त उपयोग होईल. मिनिटं कमी होत असतील तर ब्लाऊज थोडे वाढवा. तीन आठवडे मिनिटं तिथेच राहिली, एखादा सांधा लाल-गरम झाला, ताप परत आला किंवा वजन उतरायला लागलं, तर पुढची तारीख येण्याची वाट न बघता दाखवा.

आणि मुलीचा नर्सिंगचा अर्ज वेळेत भरा. पत्राखाली तिनं लिहिलंय की आईला पेन धरवत नाही म्हणून अक्षर माझं आहे. मोत्यासारखं अक्षर आहे. पण वही तिला लिहायला देऊ नका. ती तुम्हीच लिहा, सुरुवातीला नुसते आकडे, वेडेवाकडे का होईनात. पानं उलटली की बोटं किती वळायला लागली तेही त्या आकड्यांच्या वळणात दिसेल.